खंजिरी आणि चार रंगांचे पॅड

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

गाल फुगवूनच तू एसटीत चढलास. "आई, तुला गेममधलं काही समजत नाही," हे तुझं खिडकीतून आलेलं शेवटचं वाक्य. ते तितकंसं खोटं नव्हतं. म्हणून मागचे पंधरा दिवस वेचणीच्या धांदलीतही रात्री मोबाईल घेऊन बसले आणि त्या ड्रमच्या गेमांबद्दल सापडेल ते वाचून काढलं. मास्तरीण आहे, गृहपाठ न करता बोलायची सवय नाही.

तुझं जे खरं आहे ते आधी देऊन टाकते. गिटारच्या गेममध्ये पाच बटणं नि एक पट्टी असते. त्यावर कोणी कितीही गुण कमावले तरी खरी गिटार हातात दिली की तो कोराच. ड्रमचं तसं नाही. 2007 साली रॉक बँड नावाचा गेम आला, त्यात चार रबरी पॅड आणि पायाखाली एक पेडल. सगळ्यात अवघड पातळीवर पडद्यावरून जे रंग घरंगळत येतात ते बहुतेक ठिकाणी मूळ वादकाच्या हातापायांचेच असतात. सोप्या पातळीवर ठोके गाळलेले असतात, तिथे ते नुसतं खेळणं. पण तू वरच्या पातळीवरचा. भाऊबीजेच्या सकाळी तू चुलीपाशी बसला होतास. उजव्या हाताने परातीच्या काठावर चार मात्रांत आठ ठोके, डाव्याने पाटावर दुसऱ्या नि चौथ्या मात्रेला, आणि टाच जमिनीवर पहिल्या नि तिसऱ्याला. टीव्ही बंद होता. तीन अवयव तीन कामं करून राहिले होते आणि तू बाबांशी तुरीच्या भावाचं बोलत होतास. हे मला तीस वर्षं खंजिरी वाजवूनही येत नाही. ते त्या प्लास्टिकच्या डब्याने तुला दिलं, मान्य.

आता माझं ऐक.

तू मला त्या पॅडपुढे बसवलंस तेव्हा मी सवयीने डोळे मिटले. तू ओरडलास, "आई, डोळे उघड, रंग पाह्य ना!" आणि मी सपशेल नापास. तुम्ही सगळे पोट धरून हसलात. पण मला तेव्हाच खटकलं होतं. आम्ही ताल कानाने धरतो, तुझा गेम डोळ्याला शिकवतो. पुढचा ठोका कुठे पडणार हे तुला दोन सेकंद आधी दिसतं. भजनात ते दिसत नाही, गाणाऱ्याच्या श्वासावरून ताडावं लागतं.

त्याहून मोठी गोष्ट मला गोलूने दाखवली, शेजारचा. तू गेल्यावर तो टीव्हीपुढून हलेना. काठ्या सापडल्या नाहीत म्हणून त्याने भाताच्या पळीने मारलं, आणि टीव्हीतून तोच खणखणीत ड्रम. हळू मारलं, तोच. जीव खाऊन मारलं, तोच. मी चक्रावले. मग वाचून समजलं की वाजतो तो तुझा ठोका नाहीच. कोण्या वादकाने स्टुडिओत वाजवून ठेवलेलं असतं, तू वेळेवर मारलंस तर ते सुरू राहतं, चुकलास तर त्याचा आवाज घटकाभर बंद होतो. म्हणजे आपल्या गणपतीत पोट्टे कॅसेट लावून ओठ हलवायचे, तशातली गत. वेळ तुझी, आवाज दुसऱ्याचा.

आणि खंजिरीत सगळं आवाजातच आहे रे. मोझरीच्या आबाजींनी मला पहिला महिनाभर ठेका वाजवूच दिला नाही. नुसती एक थाप. उजव्या हाताची बोटं कातड्याच्या काठाजवळ पडली तर आवाज वेगळा, मधोमध पडली तर वेगळा, आणि मागून डाव्या हाताचं बोट टेकवलं की तोच आवाज दबून येतो. कडेच्या झांजा कधी बोलू द्यायच्या, कधी मनगट धरून गप्प ठेवायच्या, हे निराळंच. काकड्याला पहाटे दव पडतं तेव्हा कातडं ओल धरतं, सैल होतं, थाप मारली की भिजलेल्या पोत्यासारखा भद्द आवाज. मग देवळामागच्या शेकोटीवर खंजिरी धरायची. जवळ नेली तर कातडं तडकतं, लांब धरली तर चढत नाही. हाताच्या पाठीला जेवढा शेक सोसवेल तेवढ्यावर फिरवत राहायचं आणि मध्ये मध्ये बोटाने टकटक करून ऐकायचं. आता फायबरच्या पुडीच्या खंजिऱ्या मिळतात, त्यांना शेकावं लागत नाही. आमच्या मंडळातल्या निम्म्या बायांकडे त्याच आहेत. माझं मन काही वळत नाही.

तुझ्या बाजूने आणखी दोन गोष्टी सापडल्या, त्या लपवत नाही. 2008 नंतरच्या काही पॅडांना जोर थोडाफार समजतो. 2010 च्या रॉक बँड 3 मध्ये तर झांजा पॅडांपासून वेगळ्या केल्या आणि खरा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटच जोडायची सोय दिली. तुझ्याकडच्या जुन्या सेटमध्ये तोच पिवळा पॅड कधी झांज होतो, कधी टॉम म्हणजे छोटा ढोल. हात एकाच जागी राहतो आणि कानाला दोन वाद्यं. खऱ्या सेटवर डावा पाय हाय-हॅटची, म्हणजे झांजांच्या जोडीची, उघडझाप करतो, तुझा डावा पाय खुर्चीखाली झोपा काढतो. मात्र गाण्यात मध्ये मध्ये काही सेकंद मोकळे सोडतात, तिथे मनाला येईल ते वाजव आणि शेवटी हिरव्यावर मार, ही कल्पना मला आवडली. आमची लग्गी, ठेक्यात मनाने भरलेले चढे बोल, म्हणजे तरी दुसरं काय!

एक गंमत सांगते. खंजिरीवर भजनं गाणारे आपले तुकडोजी महाराज 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले होते. आबाजी ते इतक्या अभिमानाने सांगत की लहानपणी मला वाटे जपान वरुडच्या पलीकडे कुठेतरी असावं. आणि 2001 मध्ये त्याच जपानातून त्यांच्या तायको ढोलाचा गेम निघाला. मधोमध मारलं तर डोन, काठावर मारलं तर का. तांबडा आणि निळा, दोनच रंग. मला वाटतं तो तुझ्या चार रंगांपेक्षा खंजिरीच्या जवळचा आहे. निदान काठ आणि मध्य यात फरक आहे एवढं तरी त्याला माहीत आहे.

आता काकड्याच्या सकाळचं, ज्यावरून तू रुसलास. तुझा ठेका चुकला नव्हता, बाबू. कहरवा तालाच्या आठ मात्रा घड्याळासारख्या चालल्या होत्या. चुकलं ते दुसरंच. सुमनमावशीला दम्याने अंतऱ्यात खोकला आला आणि ती थांबली. आम्ही सगळ्या तिच्याकडे पाहत ठेका धरून थांबलो, दोन आवर्तनं, तिला श्वास येईपर्यंत. तू मात्र खाली मान घालून पुढच्या ध्रुपदाच्या दुगुनीत, दुप्पट लयीत, निघून गेलास. मावशीने सूर लावला तेव्हा तू गावाबाहेर पोचला होतास! गेममधलं गाणं कोणासाठी थांबत नाही, मग वाजवणाऱ्याला थांबायची सवय कुठून लागणार? तिथे तू गाण्याच्या मागे धावतोस. इथे गाणारी खंजिरीवर भार टाकून चालते, आणि शेवटी लय चढवायची तीही तिचा दम बघून. मी हसले ती मावशीच्या चेहऱ्याला, तुला नाही. पण तुला ते तसं दिसलं नसणार, हे आता कळतं.

आणि ते तू टीव्हीचं मोजमाप करत होतास ना, चित्र नि आवाज मागेपुढे होतात म्हणून? मला आधी वाटलं उगाच वेळ घालवून राहिला. मग शाळेत फळ्यावर पोरांकडून गणित करून घेतलं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रामधुनीच्या फेरीत पुढची खंजिरी नि शेवटची झांज यांच्यात 34 मीटर अंतर असलं तर मागच्यांना ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. म्हणून मागच्या बाया कानावर भरवसा न ठेवता पुढचीचा हात बघतात. म्हणजे डोळ्याचा ताल आमच्यातही आहे. हा गुण तुझ्या खात्यात टाकते.

बाबांची तब्येत बरी आहे. दुसरी वेचणी झाली, तूर फुलावर आहे, रात्रीच्या लाइटीने ओलित चालू आहे. माझ्या खंजिरीचं कातडं अखेर फाटलंच. नवीन चढवायला दिलंय, संक्रांतीपर्यंत मिळेल म्हणतो. जुनी कडी तीच ठेव म्हणून बजावलंय. तू आलास की तीच घे, पण सुमनमावशीच्या शेजारी बस, माझ्या नाही.

येताना पॅडसाठी सेल आण, आहेत ते गोलूने आणि मी मिळून संपवले. आणि पेडलखाली रबर लाव, फरशीवरून सरकतं. मधल्या पातळीवर माझे 81 टक्के झाले आहेत. गोलूचे 88. तो डोळे मिटत नाही ना.

तुझी,
आई