कार्ड शोमधल्या त्या दादांना, मनापासून थँक्यू

नमस्कार दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं त्या गडबडीत, म्हणून असं सगळ्यांसमोर लिहितेय. न्यू जर्सीत आपली माणसं काही कमी नाहीत, कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेलच. एडिसनजवळच्या त्या बेसबॉल कार्ड शोमधे, म्हणजे खेळाडूंच्या फोटोंची छापील कार्डं विकायच्या-बदलायच्या मेळाव्यात, निळी टोपी घातलेला अकरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या मागे जॅकेटं सांभाळत उभी असलेली आई, ती आम्ही.

तो एका टेबलापाशी त्याचं एली डे ला क्रूझ या बेसबॉलपटूचं कार्ड देऊन बदल्यात जुन्या कार्डांचा अख्खा गठ्ठा घ्यायला निघाला होता. 1988 ते 1991 मधली कार्डं, साठेक तरी असतील, आणि टेबलवाला सारखं म्हणत होता की बघा, पस्तीस वर्षं जुना माल आहे. मला ते पटलं होतं हो. आपल्याकडे जुनी नाणी, जुनी पोस्टाची तिकिटं म्हटलं की ती किमतीचीच असणार असं डोक्यात बसलेलं असतं, म्हणून मीच त्याला म्हटलं, घे रे, एकाच्या बदल्यात एवढी मिळतायत. आणि तेवढ्यात मागून चक्क मराठीत आवाज आला, "बाळा, थांब जरा. त्या कार्डावरचा नंबर वाचलास का?"

17/25. तो आकडा मी घरी दहादा बघितला होता आणि मला वाटायचं तो सेटमधला अनुक्रमांक असेल.

मग तुम्ही आम्हाला बाजूला घेऊन जे समजावलंत ते मला अजून शब्दाला शब्द आठवतंय. की हे टॉप्स या कंपनीच्या 2024 च्या क्रोम सेटमधलं आहे, यात एकाच फोटोची कितीतरी कार्डं निघतात, साधं, मग चमकणारं रिफ्रॅक्टर, मग रंगाप्रमाणे मोजून छापलेली, हिरवी 99, सोनेरी 50, केशरी 25, लाल फक्त 5, आणि सुपरफ्रॅक्टर जगात एकच. याच्या हातात केशरी होतं. म्हणजे अख्ख्या जगात अशी पंचवीस, त्यातलं सतरावं आमच्या घरात वहीच्या पानांमधे पडलेलं, आणि त्यावर आरसीचा शिक्का म्हणजे एलीचं रुकी कार्ड, खेळाडू नवखा असतानाचं. आणि तो जुना गठ्ठा? त्या काळात कंपन्यांनी इतकी भरमसाट कार्डं छापली आणि लोकांनी पोरांच्या शिक्षणाला उपयोगी येतील म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर जपून ठेवली, त्यामुळे आजही ती ढिगाने मिळतात, म्हणूनच त्याला जंक वॅक्स म्हणतात, जंक म्हणजे भंगार आणि वॅक्स म्हणजे तेव्हाची मेणकागदाची पाकिटं. याउलट जुन्या काळातला प्रसिद्ध बेसबॉलपटू मिकी मँटल याचं 1952 चं एक कार्ड 2022 मधे 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं, कारण तेव्हाची कार्डं आयांनी रद्दीत टाकली, पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली, आणि न विकलेली खोकी तर टॉप्सनेच समुद्रात बुडवली. चांगल्या अवस्थेतली उरलीच किती! "वय बघू नका वहिनी, उरलीत किती आणि हवीत किती जणांना ते बघा," असं म्हणालात.

दादा, मला खरं बोलायचंय ते पुढचं. तुम्ही स्वतः कार्डं जमवता हे तुमच्या त्या झिपवाल्या केसवरून दिसतच होतं. तुम्ही त्याला वीस डॉलर देऊ केले असतेत तर तो नाचत घरी आला असता आणि आम्हाला आयुष्यात कधी कळलं नसतं. तुम्ही तसं केलं नाहीत. उलट स्वतःच्या पिशवीतून पेनी स्लीव्ह म्हणजे पातळ प्लास्टिकचं पाकीट आणि टॉपलोडर म्हणजे त्यावरचं कडक कव्हर काढलंत, कडा धरून कार्ड कसं आत सरकवायचं ते त्याच्याकडूनच करून घेतलंत, रबरबँड कधी लावायचा नाही, पृष्ठभागावर बोट टेकवायचं नाही, कपड्याने पुसत बसायचं नाही. ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवू का विचारल्यावर आधी प्रकाशात तिरकं धरून चारही कोपरे, कडा, बॉर्डर दोन्हीकडे सारखी आहे का ते बघायला लावलंत आणि म्हणालात की प्रत्येक कार्डाला दहा मिळत नाही, फी मात्र प्रत्येकाची जाते. एवढं सरळ कोण सांगतं हो? नाहीतर सगळीकडे ते पॉल स्कीन्स या पिचरचं डेब्यू पॅचवालं, म्हणजे पहिल्या सामन्यातल्या त्याच्या जर्सीवरचा बिल्ला बसवलेलं, एकमेव कार्ड, लॉस अँजेलिसकडच्या अकरा वर्षांच्या पोराला मिळालेलं, 2025 मधे 11 लाख डॉलरच्या वर गेलेलं, त्याचीच चर्चा, आणि आमचा पण कार्डांची पाकिटं फोडताना तेच स्वप्न बघायचा.

आणि निघताना तुम्ही त्याच्या हातात ठेवलेलं ते टेक्सास रेंजर्स संघाचा पिचर कुमार रॉकर याचं रुकी कार्ड. साधं बेस कार्ड, पण "याची आई भारतीय वंशाची आहे" असं सांगितलंत तेव्हा माझ्या पोराचा चेहरा मी बघितलाय. त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर साताऱ्याच्या आजीला दाखवलं, तिने चष्मा लावून अक्षरं जुळवत 'कुमार' वाचलं आणि विचारलं, आपल्यातला का रे? बेसबॉल म्हणजे काय हे पहिल्यांदाच तिने नीट ऐकून घेतलं, नातू तिला पिचर म्हणजे काय, चेंडू टाकणारा, ते अर्धा तास समजावत होता, तोडक्यामोडक्या मराठीत.

एलीचं कार्ड विकलं नाहीये. ग्रेडिंगलाही पाठवलं नाही, एक कोपरा किंचित दबलाय, तुम्ही सांगितल्यासारखं त्याने स्वतःच बघून ठरवलं. दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी उभी आहेत, केशरी आणि कुमार. पुढच्या शोला येणार असाल तर जरूर कळवा, यावेळी पुरणपोळ्या करून आणते, आणि त्याला तुम्हाला त्याचा नवा बाइंडर दाखवायचाय.

तुमची,
निळ्या टोपीवाल्याची आई