मनूस पत्र : फुलांबरोबर खोडांचेही फोटो काढ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे काटेसावरीचे फोटो पोचले. फुलं छान आली आहेत, आईने लगेच मावशीला पाठवलीसुद्धा. मला मात्र त्यातला शेवटचा फोटो फार आवडला, नुसत्या खोडाचा. तो मोठा करून बघ. काटे बुडाशी रुंद आणि टोकाला अणकुचीदार आहेत. ते सालीचे असतात, आतल्या लाकडाचे नसतात. झाड जुनं होत जातं तसे बुंध्यावरचे काटे झडतात. तुझ्या फोटोत ते अगदी जमिनीपर्यंत दाट आहेत, म्हणजे झाड अजून तरुण आहे. फुलांच्या फोटोवरून मला हे कळलं नसतं.

वखारीत नोकरी केल्यामुळे असेल, माझी नजर आधी खोडाकडे जाते. तिथे आमच्यासमोर यायचा तो ओंडका. दोरीने त्याची गोलाई घ्यायची, तिचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचं, की घनफूट निघाले. सागाच्या कापलेल्या तोंडावर वर्षाची वलयं स्पष्ट दिसायची, आंब्याच्या ओंडक्यावर ती शोधूनही नीट सापडत नसत. बाहेरचं फिकट लाकूड वेगळं, आतला गाभा वेगळा. गाभा मेलेलाच असतो, त्याचं काम आधार देण्याचं. म्हणून तर आतून पोकळ झालेलं झाड वर्षानुवर्षं पालवत राहतं. त्याच ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून घेते, आणि नर फटीतून तिला खाणं भरवतो. पोकळ झाड दिसलं की ‘धोकादायक’ म्हणून लगेच तोडायला निघणाऱ्यांचा मला राग येतो. आधी कुणा जाणकाराकडून तपासून तरी घ्यावं!

आता मुद्द्याचं. कँटीनसमोरच्या पीतमोहराचा फोटो तू ‘बाबा, झाडाने जाळी खाल्ली’ असं लिहून पाठवलास. तो मी बराच वेळ बघत होतो. रोप लावलं तेव्हा ढोरांपासून वाचवायला बसवलेली ती लोखंडी जाळी, पुढे ती कुणी काढलीच नाही. वरची गोल पट्टी खोडात रुतली आहे आणि तिच्या वर-खाली साल ओठांसारखी फुगून पट्टीवर आली आहे. डावीकडे तर पट्टी दिसतच नाही, पार आत गेली आहे. एका ठिकाणी तांबूस डिंक ओघळलेला आहे.

होतं काय ते सांगतो. सालीच्या लगेच आत एक पातळ जिवंत थर असतो. झाड जाड होतं ते त्या थरामुळे. तो आतल्या बाजूला लाकूड घडवतो आणि बाहेरच्या बाजूला साल. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या आतल्या भागातून. पट्टी चहूबाजूंनी आवळली गेली की ही वाट बंद होते. पानं हिरवीगार दिसत राहतात, बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि खाली मुळं उपाशी मरायला लागतात. नको असलेल्या झाडाची साल गोल सोलून ठेवायची आणि ते आपोआप वाळलं म्हणायचं, ही लबाडी याच आधारावर चालते.

तेव्हा उद्याच्या उद्या बागकाम बघणाऱ्या मामांना गाठ. बाहेर दिसतेय तेवढी जाळी कटरने तुकडे करून काढा म्हणावं. आत रुतलेला तुकडा उपसायचा नाही, तो तसाच राहू दे, झाड त्याला गिळून टाकेल. ओढलात तर मोठी जखम होईल. कटरचं पातं सालीला लागू देऊ नका, हेही सांग.

रस्त्यावरच्या झाडांचे फोटो काढतेस तेव्हा क्लासच्या पाट्यांचे खिळे आणि लायटिंगच्या माळाही टिपत जा. झाड उंच वाढतं ते शेंड्याकडून, त्यामुळे चार फुटांवर ठोकलेला खिळा जन्मभर चार फुटांवरच राहतो आणि खोड त्याच्याभोवती जाड होत जातं. माडाचं आणखी वेगळं. त्याला तो जाड करणारा थरच नाही, म्हणून चढण्यासाठी पाडलेल्या खाचा कधी भरून येत नाहीत. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, ते पावसात कुजून गळून जातं. तारेचं तसं होत नाही. आपल्याकडे 1975 पासून शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात झाडाला इजा करणं हेही तोडण्यातच धरलेलं आहे. काँक्रीटचंही तेच. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. महापालिकेच्या उद्यान विभागाला लिहिताना फोटो जोड, जागा नीट लिही.

वडाला एक सवलत आहे, पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडं होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे 1925 साली काढून टाकावं लागलं, तरी झाड आजही पसरतंच आहे. पीतमोहराला असं दुसरं खोड नाही गं.

आणखी फोटो हवे असतील तर उंबर बघ, बुंध्यावरच घोस लागतात. फणसाचंही तसंच. कैलासपतीची फुलंसुद्धा थेट खोडातून येतात. मुंबईला गेलीस तर राणीबागेतली गोरखचिंच चुकवू नकोस. आफ्रिकेतलं झाड, खोडात पाणी साठवणारं.

एक काम मात्र नेमाने कर. पीतमोहराच्या खोडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर मोज, वनखात्याचे लोकही तिथेच मोजतात. पट्टी तिथेच रुतली असेल तर फुगवट्याच्या जरा वर, सरळ भागावर मोज आणि किती उंचीवर मोजलास ते लिहून ठेव. साधी शिवणकामाची टेप चालेल. मग दर वर्षी त्याच जागेवर टेप लाव आणि त्याच बाजूने फोटो काढ, म्हणजे झाड सावरतंय की नाही ते आपल्याला कळेल.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली की दोन दिवस जास्तीचे काढून ये. घाटातल्या खडकाळ उतारांवर तेव्हा कांडोळ निष्पर्ण उभा असतो, पांढराफटक, रात्री बघितला तर दचकायला होतं. त्याची साल कागदासारखी सुटते आणि खाली हिरवट अंग दिसतं. आईही यायचं म्हणतेय, तिला सकाळचं ऊन सोसेल अशा बेताने लवकर निघू. मामांशी काय बोलणं झालं ते आधी कळव.

तुझे
बाबा