आकडा छापताना त्याचा पत्ताही छापा

महोदय,

एखाद्या असेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाचा गौरव झाला की बातमीत एक ठरावीक ओळ येते: इतके शोधनिबंध, इतकी सायटेशन्स (इतरांच्या निबंधांत आलेले उल्लेख), इतका एच-निर्देशांक. ओळ खोटी नसते, पण अपुरी असते. आकडा कोणत्या डेटाबेसमधला, कोणत्या तारखेचा आणि संशोधकाने स्वतःच केलेले स्वतःचे उल्लेख त्यात धरले आहेत की वगळले आहेत, हे कळल्याशिवाय वाचकाला त्याचा काहीच उपयोग नाही. गुगल स्कॉलर हा डेटाबेस प्रबंध, प्रीप्रिंट (छापण्याआधी ठेवलेले मसुदे), परिषदांची टिपणे असे बरेच काही मोजते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस मुख्यतः निवडक नियतकालिकांपुरते थांबतात. म्हणून एकाच व्यक्तीचा स्कॉलरवरचा आकडा जवळजवळ नेहमीच मोठा दिसतो. एकाचा आकडा स्कॉलरवरून आणि दुसऱ्याचा स्कोपसवरून घेतला, तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

एच-निर्देशांक २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. काढायला सोपा आहे. निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. समजा उल्लेख ९०, ४०, २२, १२, ९, ६, ६, ३ असे आहेत. सहाव्या निबंधाला सहा उल्लेख आहेत, पण सातव्याला सात नाहीत, म्हणून निर्देशांक ६. पहिल्या निबंधाला ९० ऐवजी ९,००० उल्लेख असते तरी उत्तर ६च! शिवाय हा आकडा कधी खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला तरी चढत राहतो. नील बार्टलेटने १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग तयार केल्याचे छोटेसे टिपण छापले आणि असे वायू ‘निष्क्रिय’ असतात, कशाशी संयोग पावत नाहीत, हा समज मोडला. त्या टिपणाने त्याच्या एच-निर्देशांकात घातलेली भर जास्तीत जास्त एक.

असेंद्रिय रसायनशास्त्रात याहून मोठा घोळ उपयुक्त साधने देणाऱ्या निबंधांचा आहे, कारण साधन वापरणारा तो निबंध उद्धृत करतो. शॅननने १९७६ मध्ये आयनांच्या त्रिज्यांचे सुधारित तक्ते दिले. समन्वय अंक (आयनाला जोडलेल्या शेजाऱ्यांची संख्या) आणि इलेक्ट्रॉनांची स्पिन-अवस्था बदलली की त्रिज्या बदलते, हे लक्षात घेऊन केलेले तक्ते आजही रोजच्या वापरात आहेत. ॲडिसन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये टाऊ हा मापदंड दिला: पाच समन्वय असलेल्या धातूभोवतीच्या दोन सर्वांत मोठ्या कोनांतला फरक भागिले ६०. उत्तर ० आले तर चौरस पिरॅमिड, १ आले तर त्रिकोणी द्विपिरॅमिड. पाच समन्वयाचे नवे संकुल (धातूभोवती इतर अणू-रेणू जोडलेले संयुग) छापणारा जवळजवळ प्रत्येक जण तो उद्धृत करतो. स्फटिकरचना सोडवणाऱ्या शेलएक्स या संगणक-प्रणालीवरचा शेल्ड्रिकचा २००८ सालचा लेख तर इतका उद्धृत झाला, की तो छापणाऱ्या ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखाला मिळणारे सरासरी उल्लेख) सुमारे २ वरून २००९ मध्ये सुमारे ५० वर गेला. त्या आकड्यात आधीच्या दोन वर्षांतलेच लेख मोजतात, त्यामुळे ही सूज टिकणारी नव्हती. पण त्या काळात तिथे छापलेल्या इतर निबंधांचे ‘वजन’ मात्र फुकटात वाढले.

उलटेही घडते. आल्फ्रेड व्हेर्नरने १८९३ मध्ये मांडलेली समन्वयाची कल्पना इतकी मुरली आहे की ‘अष्टफलकीय’ (धातूभोवती सहा शेजारी असलेली रचना) लिहिताना त्याला कोणी उद्धृत करत नाही.

निबंधांची संख्या कशी फुगते, तेही सांगायला हवे. एकच लिगँड (धातूला जोडला जाणारा रेणू) घ्यायचा आणि मँगनीज, कोबाल्ट, निकेल, तांबे, जस्त यांची संकुले एका निबंधात देण्याऐवजी पाच निबंधांत द्यायची. प्रत्येक निबंध आधीच्यांना उद्धृत करतो. ओळखायचे कसे? शीर्षकांतला लिगँड पाहा, प्रयोगपद्धतीचा परिच्छेद शब्दशः तोच आहे का पाहा, आणि संदर्भसूचीत स्वतःचेच निबंध किती ते मोजा. मात्र स्फटिकतज्ज्ञाचे नाव शेकडो निबंधांवर असणे हा गैरप्रकार नव्हे. जुळे स्फटिक, विस्कळीत द्रावक रेणू यांतून रचना काढणे हे खरे कष्टाचे काम आहे. फक्त त्या निबंधांमागची रसायनाची कल्पना त्याची असेलच असे नाही.

उपशाखाही बघावी लागते. धातू-सेंद्रिय जाळ्यांचे (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र रचनांचे) क्षेत्र आता प्रचंड आहे. २०२५चे नोबेल त्यावरच कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळाले. तिथला मध्यम निबंध ॲक्टिनाइडांवरच्या (युरेनियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरच्या) उत्तम निबंधापेक्षा सहज जास्त उल्लेख मिळवतो, कारण ॲक्टिनाइड हाताळणाऱ्या प्रयोगशाळाच थोड्या. स्कोपसमधला क्षेत्रानुसार समायोजित आकडा यावर काहीसा उतारा आहे: १ म्हणजे त्याच विषयातली, त्याच वर्षाची, त्याच प्रकारच्या लेखनाची जागतिक सरासरी. पण निबंध मोजकेच असतील तर एकच गाजलेला निबंध तो वर ओढतो.

बातमीदाराला हे सगळे तपासायला फार वेळ लागत नाही. स्कोपसमध्ये फक्त त्या लेखकाचे किंवा सर्व सहलेखकांचे स्व-उल्लेख वगळण्याची सोय आहे. दुसरा पर्याय निवडावा. आद्याक्षरे आणि आडनाव सारखे असलेल्या दोघांची खाती एकत्र होतात, म्हणून संशोधकाची ओळख असलेला सोळा अंकी ऑर्किड क्रमांक जुळवावा. आणि सर्वाधिक उद्धृत पाच निबंध उघडून पाहावेत: मूळ प्रयोग आहेत की इतरांच्या कामाचे आढावे, आणि पत्रव्यवहाराची खूण (निबंधाची जबाबदारी घेणाऱ्या लेखकाची) कोणाच्या नावापुढे आहे. आढाव्यांना उल्लेख भरपूर मिळतात. पाचांपैकी चार आढावे असतील, तर बातमीत ‘मूलभूत शोध’ हा शब्द घालण्यापूर्वी त्या शास्त्रज्ञालाच एक प्रश्न विचारावा: यातले संयुग तुमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनले का?

– एक वाचक