मंत्रीमहोदय, उपाशी ठेवण्याआधी लेखी द्या

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात शाळांचे गणवेश शिवते. वय 41, उंची 155 सेंटीमीटर, डिसेंबरात वजन 126 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 52. आमच्या भागातल्या दवाखान्यातला काटा 120 ला संपतो, म्हणून मला शेजारच्या किराणा दुकानात पोत्यांच्या काट्यावर उभे केले. गिऱ्हाइके बघत होती. मधुमेह आहे. झोपेत श्वास अडकतो, तेव्हा चौदा वर्षांची मुलगी उठून मला हलवते.

डॉक्टरांनी वजन कमी करण्यासाठी पोटाच्या पिशवीची शस्त्रक्रिया सांगितली. त्यानंतर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल एका शिबिरात व्यासपीठावरून शब्द मिळाला, "केशरी कार्ड आहे ना ताई? मग एक रुपया लागणार नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. त्या एका वाक्यावर मी दोनदा चौदा-चौदा दिवस उपाशी राहिले.

या ऑपरेशनआधी दोन आठवडे भात-भाकरी बंद असते. चरबीने सुजलेले लिव्हर पोटाच्या पिशवीवर आडवे येते. दुर्बिणीने ऑपरेशन करताना ते उचलून धरावे लागते, फार मोठे असेल तर जखम होऊन रक्त वाहते. भात, पोळी, साखर तोडली की ते आकसते. डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवले आणि मला पटले. साखर एकदम उतरू नये म्हणून मधुमेहाच्या गोळ्याही कमी करून दिल्या.

3 जानेवारीला सुरुवात केली. प्रोटीन पावडर, ताक, वरणाचे पाणी. 13 तारखेला सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघाले, घरचे सगळे अक्षता सोहळ्याला गेले. जाऊबाईंनी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या दुरडीत झाकून ठेवल्या होत्या. वास घरभर. मी स्टीलच्या पेल्यात पावडर ढवळली, गुठळ्या चमच्याने भांड्याच्या कडेला दाबून फोडल्या आणि नाक धरून प्यायले. मग मशीनवर बसले. डोके गरगरत होते, एकाच शर्टाची बाही दोनदा उलटी लागली, दोनदा उसवली. 16 तारखेला संध्याकाळी फोन आला, "मंजुरी नाही आली, उद्या येऊ नका." कागद कुठे अडला हे विचारेपर्यंत फोन बंद.

फेब्रुवारीत पुन्हा तारीख, पुन्हा तोच पेला. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, टू-डी इको, थायरॉइड, बी-12, रात्रभर डोक्याला वायरी लावून झोपेची तपासणी, मानसोपचारतज्ज्ञांची भेट, हे सगळे केले. 31 हजार गेले. त्यातले 20 हजार भिशीतून उचलले, ते अजून फिटलेले नाहीत. भरतीच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "हे दिसण्यासाठीचं ऑपरेशन आहे, योजनेत बसत नाही." पलीकडच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "बसतं, पण इथे नाही, पुण्याला जा." मी म्हटले, यातले जे खरे असेल ते कागदावर लिहून द्या. दोघेही म्हणाले, लेखी देत नाही.

दिसण्यासाठी? साहेब, बघण्याच्या कार्यक्रमाला जायचे वय गेले माझे. मला सकाळी जिवंत उठायचे आहे. विमा नियामकाने 2019 मध्ये नियम केला. बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, अथवा 35 आणि सोबत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह असेल आणि बाकीचे उपाय करूनही फरक पडला नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले हे ऑपरेशन वगळलेल्या उपचारांत धरायचे नाही. विम्याचा हप्ता भरणाऱ्याला जो आजार होतो, तो केशरी कार्डवालीला झाला की नटणे-मुरडणे होतो का? योजनेतल्या उपचारखर्चाची दीड लाखाची मर्यादा पाच लाख केली, हे तुम्ही लोक प्रत्येक सभेत सांगता. खिडकीवर "हो" की "नाही" एवढे सांगणारा माणूस नसेल, तर ते पाच काय आणि पन्नास काय!

आहारतज्ज्ञ सांगतात, दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी घोटघोट प्या. आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येते, कधी पाचव्या दिवशी, तेही रात्री. 117 टीएमसीचे उजनी धरण आमच्या जिल्ह्यात, आणि मी दुखऱ्या गुडघ्यांनी दोन मजले घागर चढवते. रोज अर्धा तास चाला म्हणतात. कुठे चालू? फूटपाथवर गाड्या लागलेल्या, उरलेल्या जागेत गटाराची झाकणे उघडी. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचे नाव आले तेव्हा पेढे वाटले होते. विमानतळासाठी 2023 मध्ये कारखान्याची चिमणीसुद्धा पाडून झाली. जे डोळ्यांत भरते त्याला पैसा मिळतो, दिवस मिळतो, अधिकारी मिळतो. नळाला आणि दवाखान्याच्या खिडकीला काहीच मिळत नाही. मते मात्र आम्हीच देतो, उन्हात रांगेत उभे राहून!

माझे मागणे एवढेच आहे. कोणत्याही रुग्णाला आहार सुरू करायला सांगण्याआधी मंजुरीचा कागद तिच्या हातात द्या. नाकारायचे असेल तर कारण, तारीख आणि सहीनिशी नाकारा. आणि सोलापुरात हे होत नसेल तर कुठे होते, ते दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावा.

दोन वेळच्या उपासांत उतरलेल्या सहा किलोंपैकी चार परत आले आहेत. पावडरचा डबा अर्धा शिल्लक आहे, त्यावर मुदत मे अखेरपर्यंतची आहे. त्याआधी उत्तर मिळाले, तर नवा घ्यावा लागणार नाही.

आपली,
एक शिवणकाम करणारी रुग्ण, सोलापूर