कळंब्याचा काठ उतरताच राहू द्या

मा. पर्यावरणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

सुशोभीकरण म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा काठाला दगडी पिचिंग होतं, म्हणजे काठ दगडांनी बांधून काढतात. कोल्हापूरच्या कळंबा तलावाला ते नको, एवढ्यासाठी हे पत्र.

टिबुकली (बुड्या मारणारा छोटा पाणपक्षी) पाण्यावर असते तेव्हा तिचा डोळा पाण्यापासून वीतभरही वर नसतो. पाच फुटी भिंतीवरून 600 मिमीची लेन्स लावली तरी फोटोत येते ती पाठ आणि मागचं गढूळ पाणी. उतरत्या काठावर पालथं पडून लेन्स फूटभर उंचीवर धरली की पक्षी नजरेला नजर देतो, मागचा काठ पुसट होतो. तोच उथळ पट्टा शेकाट्याची आणि तुतवारीची चरायची जागा. पिचिंगला पाणी एकदम खोल भिडतं. लांब पायांच्या शेकाट्यालाही तिथं पाय टेकत नाहीत.

कीटकांचं त्याहून नाजूक. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि पंख फुटायच्या वेळी लव्हाळ्याच्या देठावरून वर चढते. पाठ उकलते, आतून मऊ, फिकट चतुर निघतो. पंख ताणून वाळेपर्यंत तास-दोन तास त्याला उडता येत नाही. रिकामी कात देठालाच चिकटून राहते. काठचं गवत पाण्याच्या रेषेशी छाटलं की अळीला चढायला देठच उरत नाही. (डासांच्या अळ्या फस्त करणारी हीच अळी. फवारणीची बिलं मंजूर करताना आठवावी.)

केंदाळ (जलपर्णी) काढायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण जून ते सप्टेंबर नको. कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो, आणि पोकलेनच्या बकेटीत ती कुणाला दिसत नाहीत. काढलेला ढीग काठावर टाकू नये. कुजला की पहिल्या पावसात परत पाण्यातच येतो.

वॉच टॉवरही नको, वरून पुन्हा पाठच दिसते. त्याऐवजी पक्ष्यांना न दिसता फोटो काढायला बांबूच्या तट्ट्यांचे, दोघांना उचलता येतील असे आडोसे द्या. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, तेव्हा पक्का आडोसा भेगाळलेल्या चिखलात एकटाच उभा राहतो. लांबी आठ फूट, फट जमिनीपासून दीड फुटावर, वीतभर रुंद. फटीला आतून जाळी सोडावी, नाहीतर आत हललेला हात बाहेर दिसतो. सूर्य पाठीशी हवा, म्हणून सकाळी पूर्वेचा काठ, संध्याकाळी पश्चिमेचा.

घरट्यापाशी फ्लॅश, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज, ड्रोन या सगळ्यांवर बंदी घाला. ती आम्हालाही लावा.

2017 चे आर्द्रभूमी (पाणथळ जागा) नियम पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई करतात, पण पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्यातून वगळतात. कळंबा नेमका तिथंच अडकतो. शासनानं स्वतःहून तोच 50 मीटरचा निकष इथं लावावा. सगळीकडे जमत नसेल तर निदान कात्यायनीच्या डोंगराकडच्या काठाला तरी.

आपले,
कळंब्यावर कॅमेरा घेऊन येणारे,
कोल्हापूर