आई-बाबा, यंदा मे महिन्यात येत नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई, तू गप्प होतेस, आणि बाबा, तुम्ही लगेच "बरं बरं, तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवता. मग मी रात्रभर त्या "बरं बरं"चाच विचार करत बसते. म्हणून लिहितेय. यंदा मे महिन्यात आमचं येणं होत नाही. आम्ही इथे अमेरिकेत, लुईझियानातल्या लाफायेटमध्येच, घर घेतलं. सह्या झाल्या, किल्ल्याही हातात आल्या.

तुम्हाला आधी विचारलं नाही, हे मला टोचतंय. विचारलं असतं तर तुम्ही "घ्या" म्हणाला असता आणि लगेच स्वतःची एफडी मोडायला निघाला असता. २०१९ मध्ये तसंच केलंत ना? या वेळी ते मला नको होतं. घराचे पैसे भरल्यावर चौघांच्या तिकिटांना हात घालायची हिंमत नाही, आणि रजाही सामान हलवण्यातच संपणार. मुलांच्या शाळा, हप्ता, सगळं पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. माझ्या जागी तुम्ही असतात तर हेच केलं असतंत, असं वाटतं. तुम्ही तसं म्हणालात तर मला बरं वाटेल.

घर घेतलं म्हणजे आम्ही कायमचे इकडचे झालो, असा अर्थ काढू नका. आई, तू तोच काढशील म्हणून आधीच सांगते. भाड्याच्या घरात तुम्हाला जिना चढावा लागायचा. मागच्या वेळी तू रात्री दोनदा भिंतीला धरून उतरलीस, ते मी पाहिलं होतं. इथे तुमची खोली खालीच आहे, बाथरूम खोलीला लागून. आत धरायला दांडी बसवून घेतली, जेट लावला. खिडकी पूर्वेला आहे. पाचच्या चहासाठी छोटी किटली खोलीतच ठेवीन, म्हणजे बाबा, तुम्हाला अंधारात स्वयंपाकघर शोधत फिरायला नको.

आता दुसरी गोष्ट. ही कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेली बरी. येत्या गुड फ्रायडेला आम्ही घरी वीसेक माणसं जेवायला बोलावली आहेत. वास्तुशांत नाही हं, वास्तुशांत तुम्ही आल्याशिवाय करणार नाही. हे इकडचं क्रॉफिश बॉइल आहे, म्हणजे मसाल्याच्या पाण्यात क्रॉफिश उकडून सगळ्यांनी मिळून खायचं जेवण. तुमचे पाय घराला लागायच्या आधी मी परक्यांना जेवायला घालतेय, असं कृपा करून वाटून घेऊ नका. चार वर्षं आम्ही शेजारच्या आजी-आजोबांच्या अंगणात जेवतोय. धाकटी हॉस्पिटलात होती तेव्हा आठ दिवस मोठ्याला त्यांनीच सांभाळलं. त्यांना आपल्या दारात बसवून खायला घालायचं हे तेव्हापासून मनात होतं. अंगण नव्हतं, आता आहे.

क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातलं बोटभर जनावर. शेपूट कोळंबीसारखी, नांग्या खेकड्यासारख्या. बाबा, तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, इथे ते भाताच्या शेतात वाढवतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला भाताच्या पाण्यात सोडतात, पाणी काढलं की ते चिखलात बिळं करून बसतात. भात कापून झाला की ऑक्टोबरात खाचरं पुन्हा भरतात आणि हे पिल्लांसकट वर येतात. एकाच जमिनीत दोन पिकं. तुम्हाला बांधावर उभं करून दाखवणार आहे.

मार्च ते मे हा त्यांचा भर. लेंट म्हणजे इथल्या कॅथलिक लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा काळ, त्यात शुक्रवारी मांस खायचं नाही पण मासळी चालते, म्हणून गुड फ्रायडेला घरोघरी मोठी भांडी चढतात. आई, शुक्रवार म्हणजे तुझा वार, माहीत आहे मला. तुम्ही आलात की आपण रविवारी करू.

हे चार माणसांपुरतं कुणी करत नाही. जिवंत क्रॉफिशचं पोतंच मिळतं, तीस-पस्तीस पौंडांचं, म्हणजे चौदा-सोळा किलो. वर बरंचसं टरफलच असल्याने माणशी तीन-चार पौंड तरी धरावे लागतात. पोतं ओलं आणि गार असतं, कानाशी नेलं तर आत बारीक खडखड ऐकू येते. टबात ओतले की सगळे एकदम नांग्या वर करतात. धाकटी टबाच्या कडेला उकिडवी बसून एकेकाला "हॅलो" म्हणते. मग पाणी नितळ दिसेपर्यंत तीन-चारदा धुवायचे. कुणी धुताना मीठ घालतात, त्याने काही साधत नाही. मेलेले मात्र डोळ्यांत तेल घालून वेचून टाकायचे.

आणि आई, मसाला ऐकशील तर म्हणशील हा आपल्याच डब्यातला आहे. मोहरी, धणे, तमालपत्र, लाल मिरची, ऑलस्पाइस, शेपूचं बी. हे सगळं अख्खं, पुरचुंडीत बांधून पाण्यात सोडतात. सोबत लसणाचे अख्खे गड्डे, कांदे आणि अर्धी कापून पिळलेली लिंबं. पहिल्यांदा ते उकळायला लागलं तेव्हा मी गॅसपाशी उभी राहून रडले. सगळ्यांना वाटलं मिरची झोंबली.

दोन वर्षांपूर्वी मी एकदा स्वतः केलं होतं, ते बिघडलं. तुम्हाला सांगितलं नव्हतं. आपला रस्सा उकळतो तसं मी त्यांना पंधरा मिनिटं उकळत ठेवलं. मांस रबरासारखं झालं आणि टरफलाला असं चिकटलं की सुटेना. शेजारच्या आजोबांनी मग मला समोर बसवून शिकवलं. आधी बटाटे, ते निम्मे शिजले की मका, मग क्रॉफिश. पाण्याला पुन्हा उकळी आली की तीन मिनिटं, आणि गॅस बंद. खरं काम त्यानंतरचं. वरून बर्फ किंवा गोठवलेला मका टाकायचा, म्हणजे शिजणं थांबतं, आणि वीस-तीस मिनिटं त्याच पाण्यात मुरू द्यायचं. तिखट उकळताना आत जात नाही, मुरताना जातं. दर पाच मिनिटांनी एक काढून चाखायचा. मला ही मुरण्याची वेळच सगळ्यात आवडते, सगळे भांड्याभोवती उभे असतात आणि कुणाला घाई नसते.

मग टेबलावर वर्तमानपत्रांचे जाड थर आणि त्यावर सगळं एकदम ओतायचं. ताटं नाहीत. सगळे त्याच ढिगातून उचलतात. आई, तुझं उष्टं-खरकटं मला ठाऊक आहे. तुझं ताट वेगळं असेल आणि तुझं भांडंही वेगळं. बटाटे, मका, मश्रूम तुझ्यासाठी ताज्या पाण्यात आधी उकडून घेईन, वाटलं तर तेवढंच खा. आणि बटाटा दिसतो साधा, पण सगळ्यात जास्त तिखट तोच ओढून घेतो. फोडून, निववून, दह्याबरोबर खा.

बाबा, तुमचं भांडंही वेगळं. यावर वाद नको. मोठ्या भांड्यात पुरचुंडीशिवाय तयार मसाल्याची जी पूड पडते तिच्यात मीठच फार असतं, आणि त्या जानेवारीनंतर तुमच्या मिठाशी मी खेळणार नाही. पुरचुंडीतल्या मसाल्यात मीठ नसतं, तुमचं त्यावरच करीन, लिंबू-लसूण दुप्पट घालून. सॉसेज तुम्हाला नाही. इथे लोक डोकं चोखतात, आतला पिवळा भाग त्यांना फार प्रिय, तोही तुम्हाला नाही. शेपटीचं मांस पोटभर खा. त्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि ते काय म्हणाले ते मला आईकडून कळू दे, तुमच्याकडून नको.

लहानपणी खेकडे आणले की तुम्ही नांगी दाराच्या बिजागरीपाशी धरून दार हळूच ओढायचात. टक्क असा आवाज यायचा आणि मांस अख्खं बाहेर. मी खाली ताटली धरून उभी असायचे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की दाराला आठ दिवस वास येतो. तुम्ही म्हणायचात, "बरं बरं," आणि दुसरी नांगी लावायचात. हे घर बघायला आलो तेव्हा दलाल छत दाखवत होता, पाइप दाखवत होता, आणि माझा हात मागच्या दाराच्या बिजागरीवर होता. तुमचे जावई म्हणाले, काय बघतेयस? मला सांगताच येईना.

म्हणून आता ऐका. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही दोघांनी यायचं, तीन महिने राहायचं. तेव्हा थंडी संपलेली असते, उन्हाळा सुरू झालेला नसतो. तिकिटं मी काढणार, एफडीला हात लावायचा नाही. बाबांच्या पासपोर्टची मुदत आजच बघा. विमानतळावर व्हीलचेअर घ्यायची, त्यात लाजायचं काही नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. आई, गुडघ्याचे व्यायाम तू करत नाहीस हे मला दादाने सांगितलंय, त्याच्यावर रागावू नकोस. दाताचं काम डिसेंबरच्या आत उरक. लोणच्याच्या बरण्या भरून आणू नकोस, तू आण स्वतःला. बरं, एक बरणी आण.

शुक्रवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल करीन. तुमच्याकडे शनिवारची पहाट असेल, बाबा तसेही उठलेले असतात. भांडं उतरताना दाखवते. शेजारच्या आजी-आजोबांना तुम्हाला बघायचंय, तेव्हा आई, तू अंगावर शाल घेऊन बस आणि "मला इंग्लिश येत नाही" म्हणून उठून जाऊ नकोस. नुसती हसलीस तरी पुरे.

मुलं नमस्कार सांगतात. जावई आज दिवसभर मागचं अंगण झाडतायत.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहा आणि वहीचा फोटो पाठवा. मागच्या रविवारपासून आलेला नाही.