पाण्याचा करार सहीआधी दाखवा

महोदय,

उरुग्वेत ३१ ऑक्टोबर २००४ रोजी अध्यक्षपदाच्या निवडणुकीबरोबरच पाण्यावर सार्वमत झाले. मताच्या लिफाफ्यात ‘होय’ची चिठ्ठी वेगळी घालायची, न घातल्यास विरोध धरला जाई. तरीही सुमारे ६४ टक्के मतदारांनी ती आठवणीने घातली! माल्दोनादो भागात खासगी कंपन्यांच्या दरांनी लोक कावले होते. नळपाणी सरकारनेच पुरवायचे, हे थेट राज्यघटनेत आले.

आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. पण पालिका पाणीपुरवठ्याचा वीस-पंचवीस वर्षांचा ठेका देणार असेल, तर करारनामा सहीआधी मराठीतून प्रभाग कार्यालयात वाचायला मिळालाच पाहिजे. पहाटे चारला उठून हंडे भरणाऱ्या बाईला उद्या दर कोण ठरवणार, हे आधी कळायला नको का?

– एक वाचक, सोलापूर